सागवानाची गजाल

गेल्या गणपतीत, ऋषिपंचमीच्या रात्री, भजनाची मंडळी काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाऊन पुढच्या घरी गेली आणि आम्ही चुलतभावंडं पडवीत टीव्हीसमोर पसरलो. पाऊस कौलांवर एका लयीत पडत होता. आतून गणपतीवरच्या माटवीला, म्हणजे लाकडी चौकटीला, टांगलेल्या कवंडळांच्या फळांचा आणि तेरड्याचा ओलसर वास येत होता, त्यात विझत आलेल्या धूपाचा. पुतण्याने मुंबईहून पेन ड्राइव्हवर दहा-बारा सिनेमे आणले होते. त्यातला 'पेन अँड गेन' लावायचा आग्रह माझाच, आणि त्याला कारण 'रॉक'. शाळेत असताना सुट्टीत याच पडवीत बसून आम्ही कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं खेळायचो. कोणाची उंची जास्त, कोणाचं वजन जास्त, यावरून भांडणं व्हायची. तोच रॉक, म्हणजे ड्वेन जॉन्सन, सिनेमात आहे, शिवाय खऱ्या गुन्ह्यावरची विनोदी गोष्ट आहे म्हटल्यावर सगळे तयार झाले. काकी खांबाला टेकून वाती वळत बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही. पण घरात टीव्ही लागला आणि माणसं जमली की ती उठून जात नाही. राखेत बोट टेकवायचं, मांडीवर कापूस फिरवायचा आणि मधूनच मान वर करून चित्रं बघायची.

सिनेमा अर्ध्यावर आला. एका माणसाला तिघांनी पकडून, डांबून, त्याचं सगळं लुबाडून झालेलं आहे आणि आता त्याला संपवायचं आहे. त्याला दारू पाजून गाडीत बसवतात, गाडी आदळवतात. तो मरत नाही. गाडी पेटवतात. तो पेटत्या गाडीतून बाहेर येतो. मग त्याच्या अंगावरून गाडी घालतात. पडद्यावर हे सगळं अशा थाटात चाललं होतं की आम्ही हसत होतो. पुतण्या तर पोट धरून हसत होता. तेवढ्यात काकीने विचारलं,

"ह्या माणसान काय केल्यान रे?"

कोणी काही बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, "आजी, कॉमेडी आसा ती." काकी "होय काय" म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली. दहा मिनिटांत लाईट गेली आणि सिनेमा तिथेच राहिला. सगळे अंथरुणं शोधत अंधारात धडपडत आत गेले. मी मात्र बराच वेळ जागा होतो. काकीने आवाज चढवला नव्हता, टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की या माणसाने असं काय केलं, ज्यापायी त्याचे एवढे हाल होत आहेत आणि घरातली शहाणीसुरती मुलं हसत आहेत. त्याने काहीच केलेलं नव्हतं. हे साधं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही, ते का, हे मी छताकडे बघत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुण्यांची वर्दळ कमी झाल्यावर, मी उरलेला सिनेमा एकट्याने मोबाइलवर बघितला. माझी निराशा झाली, आणि ती नुसता सिनेमा वाईट असल्याची निराशा नव्हती. मायकल बे या दिग्दर्शकाने स्फोट आणि यंत्रमानवांच्या अवाढव्य सिनेमांतून वेळ काढून २०१३ मध्ये केलेला हा त्याच्या मानाने छोटा सिनेमा. मायामीतल्या एका व्यायामशाळेतल्या माणसांची गोष्ट: दंड फुगवायचे, आरशात बघायचं, आणि दुसऱ्याकडे जे आहे ते आपल्याकडे का नाही म्हणून जळायचं. मार्क वॉलबर्ग आणि अँथनी मॅकी मन लावून काम करतात. रॉक तर मला आवडलाच. एवढ्या प्रचंड देहात एवढा हळवा आणि गोंधळलेला माणूस त्याने दाखवला आहे. मायामीचं ऊन, निळं पाणी, माडांच्या रांगा बघताना मला क्षणभर आमचाच किनारा आठवला. माड कुठलाही असो, वाऱ्यावर सारखाच हलतो. पण सिनेमा दोन तासांहून जास्त वेळ एकाच सुरात ओरडत राहतो. गुन्हेगारांच्या मनातलं आपल्याला त्यांच्याच आवाजात ऐकवलं जातं, एकाचं संपलं की दुसऱ्याचं. आणि ज्याला लुबाडलं त्याला चिडका, तुसडा, मग्रूर करून ठेवलं आहे, म्हणजे त्याचे हाल बघताना प्रेक्षकाला अवघडल्यासारखं होऊ नये. टोनी शालूबसारखा गुणी नट त्या कामाला आहे. त्याच्या चेहऱ्यावर भीती येते तेव्हा ती खरी वाटते, आणि नेमकं तेव्हाच दिग्दर्शक कॅमेरा दुसरीकडे फिरवतो.

मग मी मूळ प्रकरणाचं वाचत बसलो. माडीवर एका कोपऱ्यात रेंज येते, तिथे उकिडवं बसून. 'मायामी न्यू टाइम्स' या साप्ताहिकात पीट कॉलिन्स या पत्रकाराने १९९९-२००० मध्ये या टोळीवर लेखमाला लिहिली होती, सिनेमा तिच्यावरच उभा आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये सन जिम नावाच्या व्यायामशाळेतल्या टोळीने मार्क शिलर नावाच्या व्यावसायिकाला उचललं. जवळजवळ महिनाभर त्याला एका गोदामात डोळे बांधून ठेवलं. चटके दिले, विजेचे झटके दिले. घर, पैसे, सगळं सह्या घेऊन आपल्या नावावर करून घेतलं. मग गाडी, आग, चाकं, हे सगळं खरोखर झालं. तो जगला. आणि जगल्यावर जे झालं ते मला त्या महिन्यापेक्षाही कठीण वाटतं: पोलिसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. गोष्ट इतकी अचाट होती की सांगणाऱ्याच्याच मनात काहीतरी काळं असणार, असं धरलं गेलं. एड डुबॉय नावाचा एक खासगी गुप्तहेर तेवढा त्याच्या बाजूने उभा राहिला. टोळी मोकळीच राहिली आणि मे १९९५ मध्ये तिने मूळच्या हंगेरीच्या एका जोडप्याचा जीव घेतला. १९९८ मध्ये टोळीतल्या दोघा मुख्य माणसांना, डॅनियल लुगो आणि एड्रियन डोरबल यांना, मृत्युदंडाची शिक्षा झाली. शिलरने पुढे स्वतः पुस्तक लिहून आपली बाजू मांडली.

वाचता वाचता एका गोष्टीपाशी मी अडकलो. सिनेमात लुगो लुगोच आहे, डोरबल डोरबलच आहे. खुन्यांची नावं आहेत तशी ठेवली आहेत. ज्याचे हाल झाले त्याचं नाव मात्र बदलून व्हिक्टर कर्शॉ केलं आहे. कायद्याची काही अडचण असेल, दुसरं काही असेल; कारण काहीही असलं तरी पडद्यावर त्याचा परिणाम एकच होतो. चोरांना नाव, मन आणि आवाज मिळतो, आणि त्या माणसाचं घर, पैसे, कातडी गेल्यावर शेवटी नावही जातं. दुसरं म्हणजे रॉकचं पात्र. सिनेमात तो मेलेल्या माणसांचे हात शेगडीवर भाजत उभा असतो, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटतात की ही अजूनही खरीच गोष्ट आहे. प्रेक्षक तिथेच सगळ्यात मोठ्याने हसतो. आणि ज्याच्या डोक्यावर ती अक्षरं उमटतात, तो माणूस असा कधी नव्हताच. टोळीतल्या दोन-तीन माणसांचे तुकडे जोडून ते पात्र बेतलेलं आहे.

मला राग आला. पण राग फार वेळ टिकला नाही. मी माडीवरून खाली आलो तेव्हा काकी मागच्या पडवीत पाट्यावर वाटप वाटत होती, वरवंट्याचा तो घसघशीत आवाज येत होता, आणि मला आठवलं की सागवानाची गजाल मी गेली वीस-पंचवीस वर्षं सांगत आलो आहे.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट गजाल झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. विहिरीत पडलेला बैल, जमिनीचा दावा, पळून जाऊन केलेलं लग्न, तिठ्यावरच्या दुकानात एकदा पोचलं की त्याला हात-पाय फुटतात, नकला येतात, आणि चार महिन्यांत मूळ माणसालाही आपली गोष्ट ओळखू येत नाही. यात वाईट काही आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट मुंबई-पुण्याच्या कोरड्या दिवसांत मला याच गजालींनी तगवलं. कॉलेजच्या हॉस्टेलवर, ऑफिसच्या सहलीत, मी मालवणी हेल काढून आबाकाकांची गोष्ट सांगायचो आणि माणसं हसून हसून लोळायची. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप सुरू झाला, गिरणी गेली, ते गावाला आले ते कायमचेच. देणी पुढे कधीतरी तुकड्या-तुकड्याने हातात आली. १९९४ मध्ये गावात एक सफारी घातलेला माणूस आला, सागवान लागवडीची योजना घेऊन. एका रोपाला एक हजार भरा, वीस वर्षांनी पन्नास हजार घ्या. हिरव्या किनारीचं सर्टिफिकेट, वर सागाचं पान छापलेलं, खाली झाडाचा नंबर. त्या काळात अशा कंपन्या गावोगाव फिरत होत्या. आपल्या राज्यात साग स्वतःच्या जागेतला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, एवढी साधी गोष्टही त्या पत्रकात नव्हती. सरकारने या योजना सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात द्यायचं ठरवलं ते १९९७ च्या शेवटी, आणि नियम आले १९९९ मध्ये. तोवर आमच्या सफारीवाल्याच्या ऑफिसला कुलूप लागून बरेच पावसाळे उलटले होते.

गजाल मात्र कुलपाची नाही, कळशीची. आबाकाका मे महिन्यात, भर उन्हात, तांब्याची कळशी मांडीवर घेऊन एसटीत बसले आहेत. कंडक्टर विचारतो, कळशी कित्याक? काका म्हणतात, झाडांक पाणी घालूक. खयच्या झाडांक? माझ्या. किती आसत? वीस. सगळी एसटी मागे वळून बघते. दोन गाड्या बदलून काका घाटाच्या पायथ्याशी उतरतात, व्हाळातून कळशी भरतात, डोक्यावर घेऊन चढण चढतात. वर पोचतात तर मोकळं रान, मोडका बोर्ड आणि एक गुराखी. काका खिशातून सर्टिफिकेट काढून झाडाचा नंबर शोधतात. गुराखी म्हणतो, हय साग खयचो, हो किंजळ. काका किंजळाकडे बघतात, कळशीकडे बघतात, आणि सगळं पाणी किंजळाच्या बुडात ओततात. गुराखी विचारतो, ह्येका कित्याक घातलास? काका म्हणतात, "इलंय तर घालतंय."

'इलंय तर घालतंय', म्हणजे आलोच आहे तर घालतो, हे आमच्या पंचक्रोशीत वाक्प्रचारासारखं झालं. लग्नात जेवायची इच्छा नसताना कोणी पंगतीला बसला की म्हणायचे, इलंय तर घालतंय. आणि काकांचं नाव पडलं सागवान. सागवानाचो पुतणो म्हणून मलाही ओळखायचे. काका तिठ्यावर आले की कोणीतरी हटकून विचारायचं, सागवान, पावस कसो काय? ते हसायचे. ते स्वतःही ही गजाल सांगत, आणि त्यांच्याएवढी चांगली कोणालाच जमली नाही. कळशी मांडीवर धरल्याची ती हातांची ठेवण मी त्यांच्याकडूनच उचलली.

त्या दुपारी मी पाट्यापाशी बसलो आणि काकीला म्हटलं, काल तू विचारलंस ना, त्या माणसाने काही केलं नव्हतं. खरी गोष्ट आहे ती. तो जगला, पण त्याचं खरं कोणाला वाटलं नाही. काकीने वरवंटा थांबवला. ओल्या खोबऱ्याचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास दाटून आला होता. तिने बोटांनी वाटप सारखं केलं आणि म्हणाली, "तुझ्या काकांची गजाल तू बरी सांगतंस. पण ती अर्धी."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमाने सांगतो, कारण ती कुठेही घाईत नव्हती.

कळशी नव्हती. काका मे महिन्यात गेले होते, तीनदा गेले होते, पण रिकाम्या हाताने. आधी गेले ऑफिसात. शटर बंद. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की दिवाळीतच गाशा गुंडाळून गेले. मग झाडं तरी आहेत का ते बघायला रानात गेले. घरी आले आणि चार दिवस बोलले नाहीत, धड जेवले नाहीत. काकीला वाटलं, गिरणीचे पैसे गेले म्हणून. तसं नव्हतं. सफारीवाल्याने काकांना आपला माणूस म्हणून हाताशी धरलं होतं आणि काकांनी आणखी तीन घरांना योजनेत पैसे भरायला लावले होते, त्यांच्या ओसरीवर बसून, हिरवं पत्रक उलगडून. ती तीन घरं आता विचारायला लागली होती. एकाने तर तोंडावर म्हटलं होतं की तुमका कमिशन मिळाला ना, तुमचा काय गेला?

"पाचव्या दिवशी सांजचे तिठ्यार गेले," काकी म्हणाली. "आणि हसण्याचो आवाज हय घरापर्यंत इलो." तिला आधी कळेना, लोक कशाला हसत आहेत. ती वाडीच्या टोकापर्यंत गेली तर दुकानाच्या पायरीवर काका हातात नसलेली कळशी धरून उभे, आणि सगळा तिठा लोटपोट. त्या रात्री ते घरी येऊन पोटभर जेवले. जेवताना तिला म्हणाले, "येडो म्हटल्यानी तरी चलात. चोर म्हणूक नको कोण."

मी काही बोललो नाही. ती पुन्हा वाटू लागली.

हे ऐकल्यापासून मी ती गजाल मनात कितीदा तरी पुन्हा सांगून बघितली आहे, आणि दर वेळी 'इलंय तर घालतंय'पाशी मला काकांचा चेहरा दिसतो. आमच्याकडे धयकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकात, पूर्वरंगाला संकासूर येतो. काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, लोंबती लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा तो राक्षस, म्हणजे गोष्टीतला चोरच. पण पोरं त्याचीच वाट बघत जागतात, कारण भटजीची टर उडवायची, गावातल्या मानकऱ्यांना मालवणीत चिमटे काढायचे, हे त्यालाच परवानगी असलेलं काम. मीही रात्र-रात्र जत्रेत गोणपाटावर बसून त्याला हसलो आहे. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. तिथे ज्याचे वेद गेले तो ब्रह्मदेवही रंगमंचावर असतो. चोर हसवत असतो, आणि ज्याचं गेलं तो समोरच, पेटीच्या आणि पखवाजाच्या आवाजात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभा असतो. हसताना तो दिसत राहतो, आणि शेवटी विष्णू येतो तो त्याच्यासाठी. संकासूर पहाटेपर्यंत हसवत राहिला असता तरी ते नाटक निर्दय झालं नसतं. मायामीच्या सिनेमात मला जे सलत होतं ते मी शेवटी या नाटकावरून ओळखलं. तिथे ब्रह्मदेवाला विंगेत ढकलून दिलं आहे.

काकांचं उलटं झालं. ज्याचं गेलं त्यानेच संकासुराचा झगा घातला. चोर असल्याचा संशय अंगावर येत होता, म्हणून त्यांनी हसवणाऱ्याचं सोंग घेतलं आणि ते मरेपर्यंत उतरवलं नाही. त्यामुळे मला सरळ असंही म्हणता येत नाही की गजाल करणं वाईट. ती गजाल नसती तर काका गावात मान वर करून चालू शकले नसते. त्या हशाने त्यांना वाचवलं हे खरं आहे. आणि त्याच हशाने त्यांना तिठ्यावर रोज पुन्हा किंजळापाशी उभं केलं, हेही खरं आहे. फरक एवढाच की त्यांनी काय सांगायचं आणि काय गिळायचं हे स्वतः ठरवलं होतं. मी पुण्याच्या हॉस्टेलवर ती सांगत होतो तेव्हा मला गिळलेल्या भागाचा पत्ताच नव्हता. मी कळशी उचलली, माणूस तिथेच ठेवला.

संध्याकाळी आरतीआधी काकीने फडताळातून एक वही काढून दिली. गिरणीकडून मिळालेली, काळ्या पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. पानांना सोलांचा आंबट वास होता, कारण ती कित्येक वर्षं सोलांच्या बरणीशेजारी पडून होती. काकांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं. नारळ २००, गडी वजा करून इतके. काजूबी, इतके किलो. सोलं. आणि प्रत्येक हंगामाखाली तीन घरांपैकी एकाचं नाव आणि रक्कम. पाचशे, बाराशे, एकदा फक्त दोनशे. १९९७ पासून २००६ पर्यंत. त्यांनी तिन्ही घरांचे पैसे परत केले होते. मुद्दल, एक पैसाही कमी नाही. हे गावात कोणाला माहीत नव्हतं, कारण घेणाऱ्यांनीही सांगितलं नाही.

तिसरं नाव माझ्या वडिलांचं होतं.

"भावजींचे पण होते त्येच्यात," काकी म्हणाली, जणू मला ते आधीच माहीत असेल. वडिलांनी मुंबईहून मनीऑर्डरने पाठवलेले पाच हजार. शेवटचा हप्ता जून २००३. त्या जूनमध्ये मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो, नवी बॅग आणि नवे बूट घेऊन. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली, विचारायला ते नाहीत. त्यांनी ते पैसे कुठल्या मनाने घेतले, नको म्हणाले का, काकांनी ऐकलं नाही का, हे मला कधीच कळणार नाही. मला एवढंच आठवतं की गणपतीत सगळे जमले की वडीलच पहिल्यांदा म्हणायचे, आबा, ती सागवानाची सांग. आणि काका उठून उभे राहायचे. ते दोघे भाऊ तेव्हा एकमेकांकडे बघायचे का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही. माझं सगळं लक्ष कळशीकडे असायचं.

अजून एक गोष्ट. आमच्या माळ्यावर एक मिक्सर आहे, खोक्यातला, थर्माकोलसकट. आम्ही लहानपणापासून काकीला चिडवत आलो की मिक्सर असून पाट्यावर वाटतेस, जुन्या वळणाची आहेस. सुना आल्या, त्यांनी आपापले मिक्सर आणले, तरी काकी पाट्यावरच. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, आमच्याकडे अजून पाट्यावरचं वाटप असतं, चव बघा. वही परत देताना मी तिला विचारलं, कमिशन खरंच मिळालं होतं का? ती म्हणाली, मिळालं होतं, एकदाच. "तेचो मिक्सर हाडल्यांनी." तो घरात आला त्याच महिन्यात ऑफिसला कुलूप लागलं. काकांनी विकतो म्हटलं, पण विकायला नेलं तर कोणीतरी विचारेल, कुठून आणला? म्हणून माळ्यावर ठेवला. तीस वर्षं झाली. त्या दिवशी जेवताना सांबाऱ्याची चव घेताना माझा घास घशात अडकला. सगळ्यांना वाटलं, तिखट लागलं.

आमचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जनाला व्हाळावर गेलो तेव्हा पाऊस थांबला होता, पाणी गढूळ आणि चढलेलं होतं, पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती. परत येताना तिठ्यावर चहाला थांबलो. नव्या लग्न होऊन आलेल्या वहिनीला कोणीतरी सांगत होतं की आमच्या घरातली एक गजाल तुला माहीत नाही, थांब, हा भारी सांगतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुकानाची तीच पायरी होती. मी म्हटलं, आज घसा बसला आहे. खरंच बसला होता, चार दिवस आरत्या म्हणून. पण बसला नसता तरी मला त्या पायरीवर उभं राहून हात पुढे धरता आले नसते. पुढे कधी सांगेन का, तेही माहीत नाही. सांगितली तर वहीपासून सांगावी लागेल, आणि वहीपासून सांगायची तर ती तीन घरं आजही गावात आहेत, त्यातलं एक माझंच आहे.

घरी आलो तर मखर रिकामं, माटवी अर्धी सोडवलेली, एक कवंडळ घरंगळत उंबऱ्यापाशी आलेलं. समई मात्र तेवत होती. काकी खांबाला टेकून बसली होती, समोर कापूस, राखेची वाटी. उरलेल्या वाती वळून ठेवत होती, पुढे नवरात्र आहे म्हणून. पोरं कपडे बदलायला आत पांगली. मी तिच्याजवळ ओल्या पायांनीच बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली,

"तो सिनेमा मगे सोपलो काय?"

"सोपलो."

"त्या माणसाचा काय झाला?"

मी तिला सांगितलं. हाडं मोडली होती, इस्पितळात शुद्धीवर आला, पोलिसांना खरं वाटेना, एकाच माणसाने ऐकून घेतलं, मग काही वर्षांनी कोर्टात उभं राहून त्याने सगळं सांगितलं आणि त्या दोघांना शिक्षा झाली. त्याचं नाव मार्क शिलर, हेही सांगितलं. तिने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, तिच्या पद्धतीने, शेवटचं अक्षर लांबवून.

"जगलो मा?"

"होय."

"मगे बरा," ती म्हणाली, आणि वळून झालेली वात बाजूच्या जुडीत ठेवून तिने नवा कापूस घेतला.